रहस्यनाट्यातील उपरा

१

मराठी नाट्यसमीक्षेत ‘रहस्य’ हा शब्द सहसा आदराने उच्चारला जात नाही. रहस्यप्रधान नाटक ही व्यावसायिक रंगभूमीची एक सोय आहे, त्यातील कोडे एकदा उलगडले की विचार करण्याजोगे काही उरत नाही, अशी एक अलिखित समजूत आपल्या अभ्यासवर्तुळात दृढ झालेली आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या वाट्याला अमाप वाचक आले आणि समीक्षा मात्र तुटपुंजी आली. रहस्यनाट्याच्या बाबतीतही काहीसे असेच घडले. दुसरीकडे, स्थलांतर आणि त्यातून उद्भवणारा ओळखीचा प्रश्न आपण गांभीर्याने हाताळतो. परंतु तो हाताळताना आपली दृष्टी प्रामुख्याने कादंबरी आणि आत्मकथन यांकडेच वळते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ज्याला गावच नाही अशा माणसाची चर्चा मराठीत रुजली. रहस्य आणि उपरेपण या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, असे मात्र आपल्या सहसा मनात येत नाही.

हा संबंध मूलभूत स्वरूपाचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. रहस्यनाट्य आरंभी ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न विचारते. कथेत हा प्रश्न बराच काळ कोरडा राहू शकतो. रंगभूमीवर मात्र संशयित माणूस देहाने आपल्यासमोर उभा असतो, आणि त्यामुळे ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाचे रूपांतर पाहता पाहता ‘हा उभा आहे तो कोण?’ या प्रश्नात होते. नव्या मुलखात आलेल्या प्रत्येक माणसाला सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्नही हाच. या दृष्टीने दोन नाटके एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, असे मला वाटते. एक, सोफोक्लीझचे ‘राजा ईडिपस’, जे पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’मुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे, आणि दुसरे, आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’. एकाला आपण अभिजात म्हणून पूजतो, दुसऱ्याला लोकप्रिय म्हणून आठवतो. एकाच चर्चेत मात्र त्यांना क्वचितच आणतो.

२

‘राजा ईडिपस’ मी अनेक वर्षे एम. ए.च्या वर्गात शिकवीत आलो आहे. शिकविण्याची रीत ठरलेली होती : नियती, शोकात्म नायक, प्रमादतत्त्व, स्थितिविपर्यय आणि अभिज्ञान. एका वर्षी या क्रमाने विवेचन चालू असताना, ऊसतोडीसाठी दर दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबातून आलेला एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हा बाहेरगावाहून आलेला माणूस थेट राजा होतो. त्याच्याकडे कोणी दाखला मागितला नाही का?” वर्गात हशा पिकला. मीही हसलो, आणि विवेचन पुढे रेटले. त्या विद्यार्थ्याची शाळेची वर्षे निम्मी गावात आणि निम्मी कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर गेली होती; रहिवासी दाखल्यासाठी त्याला कोणत्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले होते, हे मला पुढे कळले. त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यात माझे चुकले होते. तो प्रश्न संहितेच्या गाभ्यातला आहे.

संहिता या दृष्टीने पुन्हा वाचावी. थीब्ज नगरावर रोगराईचे संकट कोसळले आहे. लाइयस राजाचा मारेकरी नगरात मोकळा वावरतो आहे, त्याला हुडकून हद्दपार करा, असा डेल्फीचा कौल येतो. ईडिपस तपास हाती घेतो आणि पहिल्याच जाहीरनाम्यात आपले स्थान सांगतो : या प्रकरणाला आणि त्या कृत्यालाही मी परका आहे, नागरिकांत नागरिक म्हणून माझी गणना नंतर झालेली आहे. याच जाहीरनाम्यात तो मारेकऱ्याला कोणी घरात घेऊ नये, कोणी त्याच्याशी बोलू नये, असे फर्मान काढतो. म्हणजे नगरात उशिरा सामावला गेलेला एक स्थलांतरित, नगराबाहेर कोणाला घालवावे हे ठरवीत आहे. पुढे टायरेसियस जे भाकीत सांगतो त्यातील शब्दयोजना तर विशेष लक्षणीय आहे. ज्याला सर्व जण परका रहिवासी समजतात तो जन्माने इथलाच ठरेल, आणि त्या शोधाचा त्याला आनंद होणार नाही, असा त्या भाकिताचा आशय आहे. ‘परका रहिवासी’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये आलेला शब्द ‘मेटॉइकोस’ हा आहे. तो अलंकारिक शब्द नव्हे. अथेन्सच्या कायद्यातील ती एक संज्ञा होती.

अथेन्समध्ये बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या माणसाला मेटॉइकोस म्हणत. त्याला आपली नोंदणी करावी लागे, जामीन राहणारा एक नागरिक शोधावा लागे, आणि पुरुष असल्यास वर्षाला १२ द्राख्मा इतका कर द्यावा लागे. इ. स. पूर्व ४५१ मध्ये पेरिक्लीझच्या पुढाकाराने असा कायदा झाला, की आई व वडील दोघेही अथेन्सचे नागरिक असतील तरच अपत्याला नागरिकत्व मिळेल. विशेष असे, की पुढे पेरिक्लीझचे औरस पुत्र वारले तेव्हा मिलेटस नगरातून आलेल्या अस्पेशियापासून झालेल्या मुलाला नागरिकत्व मिळावे म्हणून त्यालाच अपवादाची याचना करावी लागली. आई कोण, बाप कोण, तो कुठला, हे प्रश्न ज्या नगरात कायद्याच्या बळावर विचारले जात होते, त्या नगरातील प्रेक्षक हे नाटक पाहत होते. त्यांना ईडिपसच्या जन्मरहस्यात दैवाचा खेळ दिसला असेल, हे खरेच; पण आपल्या शेजाऱ्याच्या आणि कदाचित स्वतःच्या दाखल्याची धास्तीही त्यांना जाणवली असेलच.

माझ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी द्यावयाचे उत्तर आता मला सुचते. ईडिपसकडे दाखला होता. तो कॉरिंथचा होता, पॉलिबस राजाचा मुलगा म्हणून होता, आणि तो खोटा आहे हे त्या दाखल्याच्या धन्यालाच ठाऊक नव्हते.

या नाटकातील स्थलांतर दुहेरी आहे. घोटे टोचलेले तान्हे मूल सिथेरॉन पर्वतावर एका मेंढपाळाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते आणि कॉरिंथला पोहोचते, हे पहिले. त्याची त्याला आठवण नाही. पितृहत्येचे भाकीत टाळण्यासाठी तो कॉरिंथ सोडतो, हे दुसरे. त्याचा त्याला अभिमान आहे. दुसऱ्या स्थलांतराने आपण घरापासून दूर जात आहोत असे त्याला वाटते, आणि प्रत्यक्षात तो घरी येत असतो. जोवर तो परका समजला जात होता तोवर तो नगराचा त्राता होता. जन्माने इथला ठरला त्या क्षणी तो नगराचा कलंक झाला. ‘भूमिपुत्र’ या शब्दाचा इतका भीषण अर्थ अन्य कोणत्या नाट्यकृतीने दाखविला असेल असे वाटत नाही. त्यात आणखी एक उपरोध असा, की थीब्जचे लोक ज्या कॅडमसची प्रजा म्हणून मिरवतात, तो कॅडमसही पुराणकथेप्रमाणे फिनिशियातून आलेला परदेशीच होता. नगराचा मूळ पुरुषच उपरा आहे, आणि तरीही मूळ रहिवासी कोण याची चौकशी चालूच आहे.

३

आता ‘तो मी नव्हेच’कडे वळू. प्रत्यक्षात गाजलेल्या एका फसवणुकीच्या खटल्यावर आधारलेले हे नाटक १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचा पहिला प्रयोग महाराष्ट्राबाहेर, दिल्लीत झाला, दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचे होते आणि प्रभाकर पणशीकर यांनी पाच भूमिका केल्या. न्यायालयात उभा असलेला आरोपी स्वतःला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणवितो. साक्षीदार मात्र त्याला दिवाकर दातार म्हणून, कॅप्टन अशोक परांजपे म्हणून, राधेश्याम महाराज म्हणून, दाजीशास्त्री दातार म्हणून ओळखतात. फिरत्या रंगमंचामुळे न्यायालयातून त्या त्या घरात आणि पुन्हा न्यायालयात क्षणार्धात जाता येते. या तंत्राचे कौतुक पुष्कळ झाले आहे. ते तंत्र विषयाशी कसे जुळलेले आहे, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. रंगमंच फिरतो तेव्हा गाव बदलते, घर बदलते, आडनाव बदलते. आरोपीचा चेहरा तेवढा बदलत नाही. स्थलांतर हीच या नाटकाची रचना आहे.

या ठिकाणी दोन्ही नाटकांतील एक साम्य मला फार महत्त्वाचे वाटते. ‘राजा ईडिपस’मध्ये लाइयसच्या हत्येतून वाचलेल्या एकमेव नोकराने मारेकरी अनेक होते असे सांगितलेले असते. तिठ्यावर आपण एका वृद्धाला मारले होते हे आठवल्यावर ईडिपस याच एका तपशिलाला घट्ट धरून राहतो. मारेकरी अनेक असतील तर तो मी नव्हे, कारण एक म्हणजे अनेक नव्हेत, असा त्याचा युक्तिवाद असतो. अत्र्यांच्या न्यायालयातील वाद याच्या नेमका उलट आहे. तिथे फिर्यादी पक्षाला हे सिद्ध करावयाचे आहे, की हे अनेक म्हणजे एकच. आणि आरोपीचा सारा बचाव ते अनेकच आहेत, यावर उभा आहे. एक की अनेक, हा दोन्ही रहस्यांचा कणा आहे. ईडिपस प्रामाणिकपणे म्हणतो, तो मी नसावा, आणि अखेर ‘तो मीच’ या निष्कर्षाला येतो. लखोबाला ‘तो मीच’ हे प्रथमपासून ठाऊक आहे, आणि तो शेवटपर्यंत नाकारतो. पणशीकरांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला ‘तोच मी!’ हे नाव दिले. या संदर्भात ते फार बोलके वाटते.

हा प्रश्न अमूर्त नाही. गाव सोडलेला माणूस खरोखरच अनेक होतो. मुंबईच्या गिरणीत काम करणारा कोकणी माणूस खोलीवर एक, खात्यात दुसरा आणि शिमग्याला गावी गेल्यावर तिसरा असे. त्याची भाषा, पेहराव आणि कधी कधी नावही त्या त्या जागी वेगळे असे. त्यात लबाडी नसते. जगण्याची ती गरज असते. अत्र्यांचा नायक या गरजेचा गुन्हेगारी उपयोग करतो. तो कसा करतो हे पाहिले की आपल्या समाजाच्या ओळख पटविण्याच्या पद्धतीच उघड्या पडतात. कॅप्टनची ओळख गणवेशाने पटते, महाराजांची वेषाने, शास्त्र्यांची वाणीने, दातारांची आडनावाने, आणि लखोबाची सीमाभागातील वळणाच्या बोलीने. आडनाव ऐकले की जात कळते, जात कळली की भरवसा बसतो, आणि भरवसा बसला की चौकशी थांबते. शहरात आलेल्या मध्यमवर्गाने गावातील ओळखीच्या साखळीच्या जागी ही चिन्हे बसविली होती. त्या चिन्हांची उसनवारी किती सोपी आहे, हे या नाटकाने दाखविले.

आरोपीने निपाणी हे गाव सांगावे, हेही अर्थपूर्ण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यासह निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हाही ती बाहेरच राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अग्रभागी असलेल्या अत्र्यांना हे गाव सहज सुचले असेल, असे मानणे कठीण आहे. तेथील मराठी माणसाने घर न सोडताच त्याचे राज्य बदलले होते. माणूस जागचा हलत नाही आणि सीमा त्याच्यावरून सरकते, हाही स्थलांतराचाच एक प्रकार होय. ‘आपण कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर जिथे मुळातच वादग्रस्त आहे, ते गाव खोट्या ओळखीच्या आश्रयाला यावे, हा योगायोग असला तरी उपेक्षणीय नाही.

४

तथापि ‘तो मी नव्हेच’मध्ये ओळख गमावते कोण, याचे खरे उत्तर आरोपीकडे पाहून मिळत नाही. ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या स्त्रियांकडे पाहून मिळते. आपल्याकडे स्त्रीचा विवाह हेच एक स्थलांतर असते. ती घर सोडते, कुळ सोडते, आडनाव सोडते. मधले नाव पित्याचे जाऊन पतीचे येते. अनेक घरांत तबकातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून तिचे पहिले नावही बदलण्याची प्रथा होती. म्हणजे तिची नवी ओळख सर्वस्वी एका पुरुषाच्या ओळखीवर उभारलेली असते. तो पुरुष न्यायालयात ‘तो मी नव्हेच’ म्हणतो, तेव्हा तो फक्त स्वतःचे नाव नाकारीत नाही. तिचेही नाव पुसून टाकतो. तो दातार नसेल तर ती कोण? माहेरचे नाव तिने टाकले, सासरचे नाव अस्तित्वातच नव्हते.

शाकुंतलाची आठवण येथे अपरिहार्य आहे. आश्रमातून हस्तिनापूरला आलेली शकुंतला दुष्यंतासमोर उभी राहते, आणि तो तिला ओळखत नाही. तिच्या बाजूने बोलणारी एकच वस्तू, ती अंगठी, वाटेत पाण्यात पडलेली असते. कालिदासाने दुष्यंताला शापाची ढाल दिली. अत्र्यांच्या आरोपीला ती ढाल नाही. त्याचे विस्मरण हा निव्वळ कांगावा आहे. प्रसंग मात्र तोच : स्वतःच्या सत्याचा पुरावा मागितला जात असलेली, परक्या सभेत उभी असलेली एकटी स्त्री.

येथे नाटकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पणशीकरांचे रूपपालट, आरोपीची हजरजबाबी उलटतपासणी आणि न्यायालयातील विनोद यांत प्रेक्षक इतका रमतो, की हळूहळू तो आरोपीच्या चातुर्याचा चाहता होतो. हजारांच्या घरातील प्रयोगसंख्या कोणत्या पात्रामुळे झाली, हे उघड आहे. ज्यांची नावे पुसली गेली त्या स्त्रिया त्याच्या कौशल्याचे निमित्त बनून राहतात. नाटकाने प्रश्न मांडला, परंतु त्याची धग हास्यात विरू दिली, असे माझे मत आहे. ते कोणाला कठोर वाटेल. पण नाटकाविषयीच्या आपुलकीपोटीच ते मांडत आहे.

५

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की आजच्या समाजशास्त्रीय संज्ञा प्राचीन शोकांतिकेवर लादणे अनुचित आहे. याचे उत्तर वर आलेच आहे : परका रहिवासी ही संज्ञा संहितेतच आहे. उलट नियतीच्या एकाच सूत्राने सारे नाटक बांधण्याची आपली सवयच अधिक लादलेली आहे. ईडिपस नियतीचा बळी आहे, एवढे म्हटले की त्याच्या तपासाकडे, साक्षींकडे, त्याच्या एका विलक्षण गैरसमजाकडे दुर्लक्ष होते. आपण कॉरिंथच्या राजाचे पुत्र नव्हतो हे कळल्यावर, सत्य ओळखलेली योकास्टा त्याला पुढे चौकशी न करण्याची विनवणी करते. तेव्हा ईडिपसला वाटते, की आपण हीन कुळातले, कदाचित दासीपुत्र निघू, याची तिला लाज वाटते आहे. रहस्याच्या ऐन टोकावरही त्याच्या मनात येते ते कुळाचेच. उपऱ्या माणसाची ही जखम नियतीच्या सूत्रात मावत नाही.

दुसरा आक्षेप असा, की लखोबा हा भामटा आहे, स्थलांतरित नव्हे. दोघांना एकत्र आणणे म्हणजे प्रत्येक परक्यावर संशय घेणे होय. हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. एका भामट्याची किंमत त्याच्यामागून येणाऱ्या शंभर प्रामाणिक माणसांना मोजावी लागते, हे खरे आहे. परंतु म्हणूनच हे नाटक केवळ भामट्याचे म्हणून वाचू नये. ओळख ही माणसाच्या अंगभूत गुणासारखी नसते. इतरांच्या साक्षीने ती उभी राहते आणि त्यांनी साक्ष नाकारली की कोसळते. हे सत्य भामट्यालाही लागू आहे आणि दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या मजुरालाही.

ॲरिस्टॉटलने अभिज्ञानाचे प्रकार सांगताना खुणांवरून, म्हणजे व्रण किंवा अलंकार यांवरून होणाऱ्या ओळखीला सर्वांत कमी कलात्मक मानले आणि घटनांच्या ओघातूनच होणाऱ्या ओळखीला श्रेष्ठ ठरविले. ‘राजा ईडिपस’ हे त्याचे उदाहरण. आपण हे काव्यशास्त्रातील वर्गीकरण म्हणून पाठ करतो. त्यातील सामाजिक आशय मात्र निसटतो. खुणेवरून ओळखणे म्हणजे दाखल्यावरून ओळखणे. घटनाक्रमातून ओळखणे म्हणजे माणसाचा सारा प्रवास समजून घेणे. कोणते अभिज्ञान श्रेष्ठ, हा प्रश्न नाट्यगृहापुरता मर्यादित नाही.

६

महाभारतातील कर्णाला कृष्ण आणि कुंती त्याचे जन्मरहस्य सांगतात, तेव्हा तो ते ऐकून घेतो आणि राधेयच राहणे पसंत करतो. जन्माने ठरलेल्या ओळखीपेक्षा संगोपनाने मिळालेली ओळख त्याला खरी वाटते. ईडिपसला ही निवड करण्याची संधी मिळत नाही. मात्र त्याला दुसरे काही मिळते, आणि ते दुसऱ्या नाटकात. सोफोक्लीझच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ४०१ मध्ये ‘कोलोनसचा ईडिपस’ रंगभूमीवर आले. आंधळा, हद्दपार, मुलीच्या हाताने चालणारा ईडिपस अथेन्सजवळच्या कोलोनसला, नाटककाराच्या स्वतःच्या जन्मगावी येतो. तेथील लोक त्याचे नाव ऐकून भयभीत होतात, त्याने निघून जावे असे म्हणतात. अथेन्सचा राजा थीसियस मात्र सांगतो, की मीही परक्या भूमीत वाढलो आहे. आणि त्याला आश्रय देतो. तो त्याचे कुळ विचारीत नाही, कारण ते त्याला माहीत आहे. माहीत असूनही तो त्याला ठेवून घेतो.

आपल्या अभ्यासक्रमांत ‘राजा ईडिपस’ आहे. ‘कोलोनसचा ईडिपस’ सहसा नाही. ‘तो मी नव्हेच’ तर बहुधा नाट्यइतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत टीपेपुरते उरते. ही तिन्ही नाटके एकत्र शिकवावीत, त्यांच्या शेजारी ‘शाकुंतल’ आणि ‘उपरा’ ठेवावे, आणि रहस्य या घटकाकडे करमणुकीची क्लृप्ती म्हणून न पाहता ओळखीच्या चौकशीचा नाट्यरूप आविष्कार म्हणून पाहावे, अशी माझी सूचना आहे. पदव्युत्तर वर्गात आज बसलेल्या अनेकांच्या घरांनी एका पिढीत एक गाव तरी सोडलेले आहे. त्यांच्यापैकी कोणी उभा राहून दाखल्याविषयी प्रश्न विचारला, तर आपण शिक्षकांनी निदान हसू नये. विवेचन तिथेच थांबवावे, आणि त्या प्रश्नापासून नाटक पुन्हा वाचावयास घ्यावे.